ठेवून घेतलेले कागद

सूर्यभान मास्तरांनी पत्र्याची ट्रंक सोप्यात उपडी केली तेव्हा मुक्ताबाई भाकऱ्या थापत होत्या. आवाज ऐकून त्या पिठाच्या हातांनीच उंबऱ्यापर्यंत आल्या. पाकिटं, पिवळे पडलेले दाखले, दोऱ्याने बांधलेल्या गुंडाळ्या असा ढीग जमिनीवर पडला होता आणि मास्तर त्यात मांडी घालून बसले होते. एकेक पाकीट उचलून ते उजेडाकडे धरत आणि बाजूला टाकत होते.

काय हरवलं म्हणून मुक्ताबाईंनी विचारलं. वर्कूनं दिलेलं पाकीट, एवढंच सांगून मास्तर पुन्हा ढिगात घुसले. वर्कू हे नाव गावात दुसऱ्या कुणासमोर घेतलं असतं तर हा कोणत्या वाडीवरचा म्हणून विचारणा झाली असती. मुक्ताबाईंनी मात्र हात पदराला पुसले आणि त्या खालीच बसल्या.

"पत्र आलं व्हय त्यांचं?"

"पोरीचं आलंय. अल्माझचं."

अडुसष्ट साली इथिओपियाच्या सरकारला गणिताचे मास्तर हवे होते. पाथर्डीच्या हायस्कुलात ती जाहिरात सगळ्यांनी वाचली, चहाबरोबर हसण्यावारी नेली आणि एकट्या सूर्यभान मास्तरांनी गुपचूप अर्ज टाकला. बोलावणं आलं तेव्हा घाम त्यांनाच फुटला. तोवर नगरच्या पुढे पुणं तेवढं पाहिलेला हा माणूस विमानात बसला आणि देस्ये नावाच्या डोंगरातल्या गावी जाऊन उतरला. चार वर्षं राहिला. शेवटची दोन वर्षं दोन्ही मुलं आजीपाशी ठेवून मुक्ताबाईसुद्धा तिकडे गेल्या आणि पहिल्या महिन्यात थंडीनं नुसत्या कुडकुडत बसल्या.

मास्तरांची एक खोड होती. पोरगं तीन दिवस वर्गात दिसलं नाही की हे त्याच्या घरी हजर. पाथर्डीकडे ऊसतोडीच्या हंगामात अर्धा वर्ग आईबापांबरोबर निघून जायचा, तेव्हापासूनची ही सवय. तिथेही ती सुटली नाही. तिथल्या हेडमास्तरांनी सांगून पाहिलं की आपल्याकडे शिक्षक असे दारोदार जात नाहीत. मास्तरांनी मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा कुणाच्या तरी अंगणात जाऊन बसले. लोकांनाही ते आवडू लागलं. मास्तर मांस खात नसत, त्यामुळे जेवणाची अडचण होती, पण तीही मिटली. तिकडचे लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात, त्या दिवशी मांसाला शिवत नाहीत. मास्तर बरोबर बुधवारी नाहीतर शुक्रवारीच जायचे.

अल्माझच्या घरी त्यांचं जाणं जास्त. पोरगी गणितात हुशार होती आणि बाप वर्कू शेतकरी होता, त्यामुळे पाऊस, बैल, बियाणं हे विषय भाषा न येताही चालायचे. मुक्ताबाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा अल्माझच्या आईनं, देस्तानं, आंबूस घावनावर डाळीच्या पिठाचं कालवण वाढलं. मुक्ताबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, हे तर आपलं पिठलं. देस्ताला एक अक्षर कळलं नाही, तरी दोघी बराच वेळ हसत राहिल्या. पुढे मुक्ताबाई नवऱ्यावाचूनही तिच्याकडे जाऊ लागल्या. धान्य निवडताना बायकांना भाषा फारशी लागत नाही.

निघायच्या आदल्या शुक्रवारी त्याच घरी जेवण होतं. पाहुण्याचा मान म्हणून स्वतःच्या हातानं त्याला घास भरवायची तिकडे रीत आहे. देस्तानं मोठा घास करून मास्तरांच्या तोंडात घातला आणि त्याच वेळी वर्कूनं दोन्ही हातांनी एक तपकिरी पाकीट पुढे केलं. तो बोलत होता आणि अल्माझ इंग्रजीतून सांगत होती. आपल्याच विषयीचं बोलणं तिला आपल्याच तोंडानं सांगावं लागत होतं, म्हणून ती मान वर करत नव्हती. माझ्या मुलीचे हे कागद तुमच्याजवळ ठेवा. तुमच्या देशात मोठी कॉलेजं आहेत, तुम्ही कुणाशी बोला, तिला तिकडे शिकायला बोलवा. मास्तरांच्या तोंडात घास होता. त्यांनी मान हलवली आणि पाकीट पिशवीत ठेवलं.

खरं सांगायचं तर तोंड रिकामं असतं तरी त्यांनी तेच केलं असतं. आपल्याकडे माणूस कागद घेऊन दारात आला की त्याला नाही म्हणायची पद्धत नाही. कागद ठेवून घ्यायचे, बघतो म्हणायचं, चहा पाजायचा. देणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. मास्तर विमानातून परत आले तेव्हा गावाने ठरवून टाकलं की हा माणूस आता मंत्र्यासंत्र्यांत ऊठबस करत असणार. दहा-बारा घरांनी पोरांचे कागद आणून दिले. मास्तरांनी सगळे घेतले आणि ट्रंकेत टाकले. त्यातच वर्कूचं पाकीटही गेलं. बहात्तर सालचा दुष्काळ पडलेला, मास्तरांची आई अंथरुणाला खिळलेली, पिण्याचं पाणी दोन मैलांवरून. कुणाशी बोलायचं होतं हे आधी मागे पडलं आणि मग विसरूनच गेलं.

"वाचा की," मुक्ताबाई म्हणाल्या. "काय लिवलंय?"

मास्तरांनी खिशातून निळं पत्र काढलं. पत्र इंग्रजीत होतं, ते मराठी करत करत वाचू लागले. इकडे पाऊस झाला नाही. दोन्ही बैल विकले. खालच्या गावचे लोक रस्त्यावर येऊन बसले आहेत. शिक्षिकांच्या ट्रेनिंगला गेल्या वर्षीच माझा नंबर लागला होता, तिथे राहण्याजेवणाची सोय असते, पण त्यांना परीक्षेचा मूळ कागद पाहिजे. तो तुमच्याजवळ आहे. दुसरी प्रत मागू या असं मी म्हटलं तर बाबा रागावतात. मास्तर तिकडे मोठ्या लोकांशी बोलत आहेत, आपण मध्येच कागद मागितला तर त्यांचा अपमान होईल, असं ते म्हणतात. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे. जूनच्या अखेरीपर्यंत कागद दाखवला तर या खेपेला नाव घेतील. नाहीतर बाबा माझं लग्न करून देणार आहेत, म्हणजे घरातलं एक खाणारं तोंड कमी होईल.

मुक्ताबाईंनी ढीग आपल्याकडे ओढला आणि त्याही शोधू लागल्या. तव्यावरची भाकरी करपून गेली.

पाकीट सापडलं ते गावचे कारभारी आबासाहेब यांच्या पुतण्याच्या कागदांच्या गुंडाळीत, कोपराही न दुमडलेलं. मास्तरांनी ते पहिल्यांदाच उघडलं. आत जाड कागद होता, वर सोनेरी शिक्का, बादशहाची मोहर, खाली शाईची खरी सही. नक्कल असेल असं ते धरून चालले होते. वर्कूच्या घरीच दोन मिनिटं काढून पाकीट उघडलं असतं तर हा मूळ कागद आहे हे शाळेतल्या शिपायालाही कळलं असतं. मास्तरांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने नगरला जायचं ठरलं, कारण पाथर्डीच्या पोस्टात इथिओपियाला रजिस्टर्ड पत्र कसं जातं हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्याआधी सोबतचं पत्र लिहायचं होतं. मास्तर कागद घेऊन बसले आणि पहिल्या ओळीपाशीच अडले. मुक्ताबाई समोर बसून तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सुचवलं की लई खटपट केली पर जमलं न्हाई, असं लिहा. तेवढं लिवलं तर त्यास्नी बरं वाटंल.

"खटपट कुठं केली?"

"न्हाई केली. पर दुष्काळ हुता, आत्याबाई आजारी हुत्या. मानसाकडनं ऱ्हाऊन जातं. त्या वर्कूला कशापायी दुखवायचं?"

"त्याला दुखवायचं नाही म्हणून तर पाकीट घेतलं होतं," मास्तर म्हणाले.

त्यांनी खाली मान घालून लिहिलं. मी तुझ्यासाठी कुणाकडेही शब्द टाकला नाही. माझी कुणा मोठ्या माणसाशी ओळख नाही. हे मला त्याच दिवशी सांगता आलं असतं, पण तुझ्या वडलांना नाही म्हणायला जीभ उचलली नाही. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. मुक्ताबाईंनी वाचून दाखवायला लावलं. ऐकून झाल्यावर देस्ताला नमस्कार लिहा, एवढंच म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या.

नगरच्या मोठ्या पोस्टात कारकुनाने जाडं पुस्तक काढलं आणि पानं उलटता उलटता हा देश नक्की कुठे आहे म्हणून विचारलं. मास्तरांनी अरबस्तानाच्या पलीकडे असा हात केला. पाकिटावर लाख बसली, पावती हातात आली. मास्तर बाहेर पायरीवर पावती धरून उभे राहिले आणि घरी जायची गाडी चुकली.

जून संपला. जुलैत पाऊस आला आणि दोन वर्षांनी लोक आभाळाकडे नीट बघू लागले. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली माणसं परत आली, बाजरी हातभर झाली. मास्तर रोज शाळेतून आले की ओट्यावर पोस्टमनची वाट बघत. पत्र नाही म्हणजे कागद पोचला नाही, की पोचला आणि उपयोग झाला नाही, हे त्यांना कळत नव्हतं. मुक्ताबाई एकदाच म्हणाल्या की लग्न झालं असंल तर पोरगी कशाला लिवील.

नारळी पौर्णिमेच्या आसपास उत्तर आलं. एका पानाचं.

कागद अठरा जूनला पोचला. माझं नाव नोंदलं, मी हे वसतिगृहातून लिहिते आहे. बाबा मे महिन्यात गेले. आधी ताप आला, मग अन्नच जाईना. शेवटपर्यंत ते शेजाऱ्यांना सांगत होते की आमचे मास्तर भारतात अल्माझविषयी बोलत आहेत, वेळ लागणारच. तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. कुणाकडे शब्द टाकला नाही, हे सांगणाऱ्या ओळी तेवढ्या वाचल्या नाहीत. का, ते तुम्हाला कळेल.

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. मुक्ताबाईंना सांगता सांगता ते उठून परसात गेले आणि तिथे त्यांना हुंदका फुटला. तो हुंदका वर्कूसाठी होता. बैलांच्या वशिंडाला हात लावून त्यांची उमर सांगणारा तो लांब बोटांचा माणूस त्यांना फार आवडायचा, आणि आपण त्याला एक वर्ष खोट्यावर ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मास्तरांनी ट्रंक पुन्हा उघडली. सगळी पाकिटं पिशवीत भरली, टोपी घातली आणि निघाले. कुठे म्हणून मुक्ताबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले की ज्याचे त्याला कागद परत द्यायचे.

"असं कुनी करतं का?" मुक्ताबाई म्हणाल्या. "लोक काय म्हनतील?"

लोक काय म्हणाले ते लगेच कळलं. भिमाजीच्या घरी पाकीट पुढे केलं आणि माझ्यानं हे काम व्हायचं नाही असं मास्तरांनी सांगितलं, तर भिमाजी घाबरून गेला. आमचं काय चुकलं का, असं तो तीनदा विचारत होता. बनुबाईनं पाकीट घेतलं पण पाणी विचारलं नाही. आणखी एका घरी म्हातारा कुजबुजत्या आवाजात म्हणाला की परदेशात जाऊन आल्यावर माणसाला माज येतोच. आबासाहेब तेवढे मोकळेपणी हसले. त्यांनी आयुष्यभर लोकांचे कागद ठेवून घेतलेले.

"मास्तर, काम होत न्हाई ते आमाला बी ठावं हाय," ते म्हणाले. "पर परत कुनी देतं का? ठेवायचे असत्यात. ठेवल्यानं तुमचं काय जातंय?"

वर्कूविषयी आबासाहेबांना सांगत बसण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी पुतण्याचे कागद ओट्यावर ठेवले आणि हात जोडून निघाले. चार वर्षं परक्या मुलखात ते कुणाच्याही अंगणात शिरले तरी लोक घोंगडी टाकत होते. आज स्वतःच्या गावात, ज्या घरांतली निम्मी पोरं आपण शिकवली त्या घरांपुढून, ते चोरासारखे जात होते. तरी पिशवी रिकामी होत होती आणि पाय उचलत होते.

शेवटचं पाकीट लंकाबाईचं होतं. तिचं घर ओढ्यापलीकडे, एकटं. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. मुलगा गोरक्षनाथ मॅट्रिक झाला तेव्हा मास्तर तिकडे होते, त्यामुळे तो त्यांच्या हाताखालून गेलेला नव्हता. आता तो नगरच्या आडतीत हमाली करत होता आणि पंधरा दिवसांनी घरी यायचा. लंकाबाई दारात बसून मटकी निवडत होती. मास्तरांना बघून तिनं पदर सावरला, सूप बाजूला सरकवलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मास्तरांना परत फिरावंसं वाटलं. काम झालं, असंच तिला वाटलं होतं.

मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. कुणाची ओळख नाही, कुणाशी बोललो नाही, होणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. पाकिटाला मात्र हात लावला नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच," ती म्हणाली.

"लंकाबाई, अगं ठेवून उपयोग नाही."

"नसंना का. कागद मास्तरांपाशी हायेत असं पोरगं समद्यांना सांगतंय. म्हनून आडतीतली मानसं त्याला जरा मानानं वागवत्यात. तिथं पोती उचलतंय, पर कायमचं न्हाई, असं त्याला वाटतंय. आता घरात आनून ठिवले तर मी त्याला काय सांगू?"

मास्तर खाली बसले. तिच्या दाराच्या पायरीवर, उन्हात. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. वर्कूही असाच वाट बघत गेला होता आणि त्याच्या जिवाला त्या वाट बघण्यानं आधारच दिला असेल. आपण आज गावभर फिरून कुणाचं भलं केलं, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदा पडला. पाकीट मास्तरांच्या मांडीवर होतं. काही तरी करायचं म्हणून त्यांनी ते उघडलं आणि आतला कागद उलगडला.

मॅट्रिकची गुणपत्रिका होती. त्यांची नजर सवयीनं आधी गणितावर गेली. शंभरात अठ्ठ्याऐंशी. मास्तरांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्याच शाळेत प्रयोगशाळेवर एक माणूस घ्यायचा होता. हेडमास्तरांनी मधल्या सुट्टीत त्यांना विचारलं होतं की तुमच्याकडच्या गावांत गणित बरं असलेला एखादा मॅट्रिक झालेला पोरगा आहे का. बघण्यात नाही, असं मास्तर म्हणाले होते. मग दुसऱ्या कुणाचा तरी मेहुणा लागला.

"काय लिवलंय त्यात?" लंकाबाईनं विचारलं.

मास्तरांनी वाचून दाखवलं. मराठीत किती, इंग्रजीत किती, शास्त्रात किती. गणिताचा आकडा सांगताना ते थांबले आणि म्हणाले की हे फार चांगले आहेत, आमच्या शाळेत वर्षाला एखाद्यालाच मिळतात. मग त्या प्रयोगशाळेतल्या जागेचंही सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती, पण त्यांनी सांगितलं.

लंकाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"इतके दिस तुमच्यापाशी हुतं," ती म्हणाली. "तुमी वाचलं न्हवतं?"

"नाही," मास्तर म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. मटकीतला एक खडा तिनं बोटानं बाजूला केला. मग सूप उचलून भिंतीशी ठेवलं आणि मास्तरांच्या जवळ, पायरीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली.

"परत एकदा वाचा," ती म्हणाली. "सावकाश. बुधवारी पोरगं येनार हाय. माझ्या ध्यानात ऱ्हायला पायजे."

मास्तरांनी कागद दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्या विषयापासून सुरुवात केली. ते एक विषय आणि त्याचे गुण वाचत, थांबत, आणि लंकाबाई त्यांच्यामागून म्हणत होती.